पाच ओळींचं इन्व्हॉइस आणि चार चुकलेले कोड

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रेफ्रिजरंट गॅस भरून विकणारी एक पेढी आहे. तिचं गिऱ्हाईक म्हणजे तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या बेदाण्याच्या लहान थंड खोल्या, निर्यातीची द्राक्षं गार करणारी प्रीकूलिंग युनिट्स, रीफर गाड्या दुरुस्त करणारी गॅरेजं आणि मिरज एमआयडीसीतले दोन-तीन सुटे भाग बनवणारे कारखाने. मोठी शीतगृहं बहुतेक अमोनियावर चालतात, त्यांचा इथे संबंध नाही. पॅनेलच्या खोल्या आणि गाड्या मात्र ज्याला मेकॅनिक सरसकट ‘फ्रिऑन’ म्हणतो त्यावर चालतात, आणि द्राक्षाचा हंगाम जानेवारीत तापायच्या आत तो गोदामात यावा लागतो. म्हणून नोव्हेंबरात ऑर्डर गेली आणि माल न्हावा शेवाला उतरायचा होता.

सिंगापूरच्या व्यापाऱ्याकडून एकाच ४० फुटी कंटेनरमध्ये पाच प्रकारचा माल होता. (‘आर’ने सुरू होणारी नावं रेफ्रिजरंट गॅसची.) आर-४०४ए चार टन-सिलिंडरांत, म्हणजे आडव्या ठेवायच्या मोठ्या टाक्यांत, ३,००० किलो. आर-४०७ए दोन टन-सिलिंडरांत, १,५०० किलो. आर-१३४ए एका सिलिंडरात, ८०० किलो. ‘मेटल डिग्रीजर’ नावाचा माल २० ड्रममध्ये, प्रत्येकी २९० किलो. आणि ‘प्रिसिजन क्लीनिंग सॉल्व्हंट’ २५ किलोच्या आठ डब्यांत, म्हणजे २०० किलो. (हिशेब सोपा राहावा म्हणून वजनं गोल केली आहेत.)

सीमाशुल्क एजंटच्या ऑफिसात बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं सीमाशुल्काकडे द्यायचं विवरण, भरलं गेलं. त्यात प्रत्येक मालाला टॅरिफमधला (शुल्कसूचीतला) कोड द्यायचा असतो, तो दिला असा: आर-४०४ए ३८२७.६१ मध्ये, आर-४०७ए ३८२७.६३ मध्ये, आर-१३४ए ३८२७.६४ मध्ये, डिग्रीजर ३८१४ मध्ये आणि प्रिसिजन सॉल्व्हंट ३८२७.६८ मध्ये. पहिला कोड बरोबर होता, बाकी चार चुकले. वाईट एवढंच की चारही चुका वेगवेगळ्या जातीच्या होत्या, त्यामुळे एकीवरून दुसरी सापडत नव्हती.

आधी टॅरिफची मांडणी

१ जानेवारी २०२२ पासून भारताचं टॅरिफ एचएस या जागतिक वर्गीकरण पद्धतीच्या २०२२ आवृत्तीवर आलं. त्याआधी शुद्ध एचएफसी (हायड्रोफ्लुओरोकार्बन, आजचे नेहमीचे रेफ्रिजरंट) २९०३.३९ मध्ये एका गाठोड्यात आणि एचएफसीची मिश्रणं ३८२४.७८ मध्ये दुसऱ्या गाठोड्यात बांधलेली असायची. हवामान तापवणारे एचएफसी कमी करायचं ठरवणाऱ्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय किगाली दुरुस्तीनंतर कुठल्या देशात कुठला एचएफसी किती जातो हे मोजणं भाग पडलं, म्हणून गाठोडी सुटली. आता आर-३२ ला २९०३.४२, आर-१२५ आणि आर-१४३ए ला २९०३.४४, आर-१३४ए ला २९०३.४५, तर एचएफओ (असंपृक्त फ्लोरिन संयुगं) गटातल्या १२३४वायएफला २९०३.५१ अशी स्वतंत्र घरं आहेत. मिश्रणांसाठी ३८२७ हे नवंच हेडिंग उघडलं (कोडचे पहिले चार आकडे म्हणजे हेडिंग, पुढचे दोन धरून सबहेडिंग).

३८२७ च्या आत पहिली पायरी आहे ती ओझोनची. मिश्रणात सीएफसी (ओझोनचा थर खाणारे जुने वायू) असेल तर ते ३८२७.११. सीएफसी नसून एचसीएफसी (त्यांचाच सौम्य प्रकार, आर-२२ सारखा) असेल तर ३८२७.३१, .३२ किंवा .३९. इथे टक्केवारीची अट नाही, ‘असलेलं’ एवढाच शब्द आहे. म्हणून भंगारातून काढून पुन्हा भरलेल्या आर-४०४ए मध्ये दोन टक्के आर-२२ मिसळलेला निघाला, तर तो माल ३८२७.६१ चा राहत नाही, ३८२७.३१ मध्ये जातो आणि त्याच्यामागे एचसीएफसीच्या परवान्याचं शेपूट लागतं. स्वस्त मिळतंय म्हणून घेतलेल्या सिलिंडरात हे प्रकार निघतात.

ओझोनवाले आणि आर-२३ वाले बाजूला काढले की उरतात आपले रोजचे एचएफसी, आणि त्यांच्यासाठी ६१ ते ६९ अशी एकाखाली एक लावलेली चाळणी आहे. वरून माल टाकायचा, ज्या जाळीत पहिल्यांदा अडकेल तो कोड. ६१: आर-१४३ए १५ टक्के किंवा जास्त. ६२: आर-१२५ ५५ टक्के किंवा जास्त, पण एचएफओ नको. ६३: आर-१२५ ४० टक्के किंवा जास्त. ६४: आर-१३४ए ३० टक्के किंवा जास्त, पण एचएफओ नको. ६५: आर-३२ आणि आर-१२५ दोन्ही प्रत्येकी २० टक्के किंवा जास्त. ६८: २९०३.४१ ते २९०३.४८ मधलं काहीही असलेलं बाकी मिश्रण. ६९: उरलेलं. टक्के सगळे वजनाचे.

बाजारातली नावं या चाळणीतून काढून बघितली की हात बसतो. आर-४०४ए मध्ये आर-१२५, आर-१४३ए, आर-१३४ए हे ४४:५२:४ असतात. ५२ टक्के १४३ए म्हणजे पहिल्याच जाळीत ६१. आर-५०७ए उकळताना शुद्ध पदार्थासारखा वागतो, पण तो ५०:५० मिश्रणच आहे, तोही ६१. आर-४१०ए मध्ये आर-१२५ पन्नास टक्के: ६२ ला पाच टक्के कमी पडतो, ६३ मध्ये अडकतो. आर-४५२ए मध्ये आर-१२५ चक्क ५९ टक्के आहे, तरी ६२ नाही, कारण त्यात ३० टक्के १२३४वायएफ आहे, तोही ६३. आर-४०७सी मध्ये १३४ए ५२ टक्के, म्हणून ६४. आर-४४९ए मध्ये आर-३२ २४.३, आर-१२५ २४.७, म्हणून ६५. आर-५१३ए मध्ये १३४ए ४४ टक्के असूनही त्यात ५६ टक्के एचएफओ असल्याने ६४ हुकतो आणि माल थेट ६८ वर उतरतो.

तिसरी ओळ: शंभर टक्के म्हणजेही ‘तीस टक्क्यांहून जास्त’

परदेशी व्यापाऱ्याच्या इन्व्हॉइसवर आर-१३४ए समोर अजून २९०३.३९ छापलेलं होतं. सिस्टिमने तो कोड घेतला नाही, कारण तो आता अस्तित्वातच नाही. कारकुनाने मग सूचीत ‘१३४ए’ शोधलं, ३८२७.६४ ला ‘आर-१३४ए ३० टक्के किंवा जास्त’ सापडलं आणि ते टाकलं. हिशेबाने शंभर तीसपेक्षा जास्तच.

पण ३८२७ चं पहिलंच वाक्य ‘मिश्रणं’ म्हणतं. शुद्ध, रासायनिकदृष्ट्या ठरलेलं एकटं संयुग ३८ व्या चॅप्टरमध्ये येतच नाही. त्या चॅप्टरची पहिली टीपच काही मोजके अपवाद सोडून त्याला बाहेर काढते. ९९.९ टक्के १,१,१,२-टेट्राफ्लुओरोएथेन हा २९ व्या चॅप्टरचा माल, २९०३.४५. उरलेला ०.१ टक्का पाणी, आम्ल आणि न घनीभूत होणारे वायू. २९ व्या चॅप्टरची पहिली टीप अशी अशुद्धी चालवून घेते.

ही चूक सर्वात साधी आणि पहिल्या नजरेत दिसणारी होती. नेमकं म्हणूनच अधिकाऱ्याचं लक्ष सगळ्या बिलाकडे गेलं. फेसलेस पद्धतीत तपासणारा अधिकारी देशातल्या दुसऱ्याच बंदरात बसलेला असतो, त्याला आयातदाराचा चेहरा माहीत नसतो, दिसतात त्या फक्त ओळी. एक ओळ बेजबाबदार दिसली की तो उरलेल्या चारही उघडतो.

चौथी ओळ: नाव डिग्रीजर, माल ट्रायक्लोरोएथिलीन

सेफ्टी डेटा शीट बघितल्यावर ‘मेटल डिग्रीजर’ म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन, कॅस क्रमांक (रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक) ७९-०१-६, शुद्धता ९९.४ टक्के, बाकी स्टॅबिलायझर. ३८१४ हे संमिश्र सॉल्व्हंट आणि थिनरचं हेडिंग, आणि वापरावरून नाव देणाऱ्याला ते जवळचं वाटतं. पण इथे वापर बघायचा नसतो.

प्रश्न उरतो तो स्टॅबिलायझरचा. ट्रायक्लोरोएथिलीन ८७ अंशाला उकळतं. प्रकाश, उष्णता आणि ॲल्युमिनियमच्या बारीक चुऱ्याच्या सहवासात ते तुटून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. ते आम्ल शोषून घ्यायला अमाइन किंवा इपॉक्साइड जातीचं द्रव्य अगदी थोडं मिसळतात. २९ व्या चॅप्टरची टीप सांगते की टिकण्यासाठी किंवा वाहतुकीसाठी लागणारा स्टॅबिलायझर घातला तरी माल त्याच चॅप्टरमध्ये राहतो, मात्र एचएसच्या स्पष्टीकरणांप्रमाणे त्यामुळे तो एखाद्या खास वापरापुरताच उरता कामा नये. अर्ध्या टक्क्याच्या स्टॅबिलायझरने ट्रायक्लोरोएथिलीन दुसरं काही झालं नाही, कोड २९०३.२२. तेच ट्रायक्लोरोएथिलीन ६० टक्के आणि बाकी मिनरल स्पिरिट असतं, तर ३८१४ योग्य ठरलं असतं. तेव्हाही ३८२७ नाही, कारण ट्रायक्लोरोएथिलीन एथिलीनचं अपत्य आहे, एथेनचं नाही. ही बारीक गोष्ट पाचव्या ओळीत उपयोगी पडते.

पाचवी ओळ: सबहेडिंग आधी वाचण्याची खोड

प्रिसिजन सॉल्व्हंटची रचना अशी: एचएफसी-४३-१०एमईई ६२ टक्के, ट्रान्स-१,२-डायक्लोरोएथिलीन ३८ टक्के. पितळी व्हॉल्व्ह आणि सेन्सरचे भाग तेलमुक्त करायला हे वापरतात. एजंटने ३८२७.६८ का लावलं हे समजण्यासारखं आहे. ६८ म्हणतं ‘२९०३.४१ ते २९०३.४८ मधले पदार्थ असलेलं’, आणि ४३-१०एमईई २९०३.४८ मध्ये नावानिशी आहे.

पण वर्गीकरणाचा पहिला नियम हेडिंगच्या शब्दांवर उभा आहे. सबहेडिंग वाचायची पाळी सहाव्या नियमाने नंतर येते, आणि तीही हेडिंगच्या दारातून माल आत आला तरच. ३८२७ चं दार म्हणतं: मिथेन, एथेन किंवा प्रोपेनची हॅलोजनयुक्त संयुगं असलेली मिश्रणं. ४३-१०एमईई म्हणजे डेकाफ्लुओरोपेंटेन, पाच कार्बनचं. डायक्लोरोएथिलीन एथिलीनचं. या डब्यात मिथेन, एथेन, प्रोपेन यांपैकी कुणाचंच अपत्य नाही, म्हणजे दारातच अडवणूक. ६८ मधला २९०३.४८ चा उल्लेख आहे तो, आत आलेल्या मिश्रणात तो पदार्थ सोबत असेल तेव्हासाठी. माल ३८१४ चा, सेंद्रिय संमिश्र सॉल्व्हंट.

अशा सॉल्व्हंटमध्ये एचएफसी-२४५एफए असेल, तर तो प्रोपेनचा. तो आला की ३८२७ आणि ३८१४ दोन्ही दारं उघडी राहतात, आणि दोन्ही हेडिंग ‘इतरत्र न सांगितलेली’ म्हणून एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथे तोंडी सल्ल्यावर माल आणू नये. सीमाशुल्क अ‍ॅडव्हान्स रूलिंगच्या मुंबईच्या प्राधिकरणाकडे माल येण्याआधी अर्ज करता येतो, शुल्क १०,००० रुपये, आणि निर्णय त्या अर्जदारापुरता तीन वर्षं लागू राहतो. वर्षाला दोनशे किलोच आणायचे असतील तर ही कटकट कुणी करणार नाही, हेही खरं.

दुसरी ओळ: ३९.४ टक्क्यांचा घोळ

खरा वेळ खाल्ला तो आर-४०७ए ने. नावापुरती त्याची रचना आर-३२, आर-१२५, आर-१३४ए अशी २०:४०:४०. आर-१२५ बरोबर ४० म्हणजे ६३. एजंटने तेच लावलं. पण या मिश्रणाला प्रत्येक घटकात दोन टक्के वर-खाली सूट असते, म्हणजे आर-१२५ ३८ पासून ४२ पर्यंत कुठेही असला तरी सिलिंडरवर ‘आर-४०७ए’ लिहिणं योग्यच. चाळणीची जाळी मात्र नेमकी ४० वर बसवलेली आहे. या लॉटचं प्रमाणपत्र २०.३, ३९.४ आणि ४०.३ दाखवत होतं. ६३ हुकला, १३४ए तीसच्या वर आणि एचएफओ नाही, म्हणून ६४. पुढच्याच लॉटमध्ये आर-१२५ ४०.६ निघाला तर तोच माल, तेच नाव, तरी कोड ६३. वर्गीकरण नावाचं नसतं, लॉटचं असतं.

अधिकाऱ्याने प्रमाणपत्र मागितलं, ते व्यापाऱ्याने पाठवलं, पण ते ‘ठराविक मूल्यं’ असं शीर्षक असलेलं छापील पान होतं, लॉट क्रमांक नसलेलं. मग नमुना काढायचा आदेश झाला. कंटेनर फ्रेट स्टेशनवर टन-सिलिंडर आडवा ठेवलेला होता, दोन व्हॉल्व्ह वरखाली एका रेषेत. नमुना वरच्या व्हॉल्व्हमधून घेतला गेला. प्रयोगशाळेचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल आला तो २९.१, ४७.२ आणि २३.७. म्हणजे आर-४०७ए च्या सुटीत कुठेच न बसणारी रचना. घोषित मालच वेगळा आहे, अशी शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं. घोषणेशी न जुळणारा माल जप्त करता येणाऱ्या सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १११(एम)चा उल्लेख पत्रात आलाच.

माल चुकीचा नव्हता, व्हॉल्व्ह चुकीचा होता. आर-४०७ए झिओट्रोपिक आहे, त्याचे घटक एका तापमानाला एकसारखे उडत नाहीत. २५ अंशाला आर-३२ चा बाष्पदाब साधारण १७ बार, आर-१२५ चा १४ च्या आसपास, आर-१३४ए चा पावणेसात. सिलिंडरच्या माथ्यावर साठलेल्या वाफेत हलके उडणारे दोघे गर्दी करतात आणि १३४ए मागे द्रवात राहतो. आडव्या टन-सिलिंडरात वरचा व्हॉल्व्ह वाफ देतो, खालचा द्रव. आर-४०४ए मध्ये हा फरक इतका किरकोळ असतो की तिथे ही चूक खपून गेली असती. शीतगृहावर गॅस भरणाऱ्या मेकॅनिकलाही ४०७ मालिका नेहमी द्रवरूपात भरायची असं शिकवलेलं असतं. तेच इथे लागू.

पुन्हा नमुन्याची विनंती लेखी केली, त्यात कारण थोडक्यात दिलं: व्हॅक्युम केलेली स्टीलची नमुना-बाटली, खालच्या व्हॉल्व्हमधून द्रव, जोडणीच्या नळीतला पहिला भाग सोडून दिलेला, बाटली ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नाही, आणि प्रयोगशाळेत चाचणीआधी द्रवाचा भाग काढून पूर्ण बाष्प करून घ्यायचा. दुसरा अहवाल २०.४, ३९.३ आणि ४०.३ आला. लॉटचं खरं प्रमाणपत्रही तोवर व्यापाऱ्याने शोधून पाठवलं होतं.

कोड बदलला, पैसे किती बदलले

आर-४०७ए च्या ६३ आणि ६४ मध्ये मूळ सीमाशुल्काचा फरक पडला नाही. ‘दर सारखा मग एवढा आटापिटा कशाला’ हा प्रश्न पेढीच्या मालकाने विचारला, आणि त्याचं उत्तर तिसऱ्याच कागदावर होतं. व्यापारी सिंगापूरचा, पण आर-४०७ए चे सिलिंडर चीनमध्ये भरलेले. डिसेंबर २०२१ मध्ये भारताने चिनी एचएफसी मिश्रणांवर आणि आर-३२ वर पाच वर्षांसाठी प्रतिपाटन शुल्क (अँटी-डंपिंग ड्युटी, पाडलेल्या भावात येणाऱ्या परदेशी मालावरचं) लावलं. ते उगमाच्या देशावरून लागतं, बिल कुठून आलं त्यावरून नाही. व्यापार उपाय महासंचालनालयाच्या निष्कर्षांत कोड सूचक म्हणून दिलेला असतो, मालाचं वर्णन बंधनकारक. त्यामुळे कोड ६३ लावा की ६४, आर-४०७ए सुटत नाही. खर्चाच्या अंदाजात हे शुल्क धरलेलंच नव्हतं.

हिशेबाची रीत समजण्यासाठी: मालाची किंमत १०० आणि मूळ शुल्क ७.५ टक्के धरलं, तर समाजकल्याण अधिभार त्याच्या दहा टक्के, म्हणजे ०.७५. त्यावर १८ टक्के आयजीएसटी १९.४९. प्रतिपाटन शुल्क २० धरलं, तर त्यावर अधिभार नाही, पण आयजीएसटी त्यावरही लागतो आणि २३.०९ होतो. आयजीएसटीचं क्रेडिट परत मिळतं. मूळ शुल्क, अधिभार आणि प्रतिपाटन शुल्क मिळून २८.२५ खिशातूनच जातात. दर बिल भरायच्या दिवशीचा तपासायचा, मागच्या खेपेचा नाही.

कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज देऊन चारही ओळी बदलल्या गेल्या, प्रतिपाटन शुल्क भरलं आणि माल सुटला. वर्णनाच्या रकान्यात आता ‘रेफ्रिजरंट गॅस’ नाही. तिथे असं लिहिलं गेलं: ‘एचएफसी मिश्रण, आर-४०७ए, वजनाने आर-३२ २०.३, आर-१२५ ३९.४, आर-१३४ए ४०.३ टक्के, एचएफओ नाही, सीएफसी-एचसीएफसी नाही, लॉट क्रमांक अमुक’. अधिकाऱ्याला चाळणीच्या प्रत्येक जाळीचं उत्तर त्या एका ओळीत मिळतं.

ऑर्डर देण्याआधी मागायचे कागद

व्यापाऱ्याला आगाऊ रक्कम जाण्याआधी त्याच्याकडून प्रत्येक मालाचे कॅस क्रमांक आणि लॉटनिहाय विश्लेषण प्रमाणपत्र मागावं, ‘ठराविक मूल्यं’ परत पाठवावीत. सिलिंडरवरचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पडताळणीला उपयोगी पडतो: आर-४०४ए ला ३३३७, आर-४०७ए ला ३३३८, आर-१३४ए ला ३१५९. इन्व्हॉइस एक सांगतं आणि सिलिंडर दुसरं, तर माल चढण्याआधीच थांबवायचा. भरलेल्या सिलिंडरांसाठी पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची) परवानगी आणि त्या कोडसमोरची परदेश व्यापार महासंचालनालयाची अट माल निघण्याआधी बघायची. एचसीएफसी-१४१बी सारख्या पदार्थाची आयात १ जानेवारी २०२० पासून बंदच आहे, आणि फोम बनवणारे अजूनही कधीकधी त्याचा भाव विचारतात.

नमुन्याचा अहवाल उशिरा येणार असं दिसलं तर कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागता येतं. बाँड आणि हमी देऊन माल बाहेर निघतो. या पेढीने ते मागितलं नाही आणि ११ दिवस कंटेनरचं भाडं भरलं.

शेवटी एक काम उरलं ते मागच्या खेपांचं. आर-१३४ए आधीच्या दोन खेपांत असाच ३८२७.६४ मध्ये गेला होता. शुल्क कमी भरलं गेलं असेल तर नोटीस येण्याआधी ते व्याजासह स्वतः भरण्याची सोय कलम २८ मध्ये आहे, आणि तेव्हा दंड लागत नाही. व्याज १५ टक्के. नेहमीच्या चुकीसाठी मागे दोन वर्षं जाता येतं, लपवाछपवी ठरली तर पाच. जुनी बिलं काढून प्रत्येक ओळीसमोर त्या दिवशीचा दर लिहायचं काम पेढीच्या अकाउंटंटकडे गेलं आहे.